कोरडी मेथी

चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा लिहिताना चुका होतील. पण हे तोंडानं सांगणं मला जमणार नाही... म्हणून वहीत लिहिते. करणी, नजर, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले, नवस-अंगारे बंद झाले. तरी हे घडलं, आणि भर उन्हात घडलं.

दीक्षेनंतरचं तिसरं वर्ष. हिवरखेडच्या आठवडी बाजारात मी आणि माझी सासू (तिला मी आत्याबाई म्हणत असे) मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन लाईनीच्या टोकाला बसायचो. शेजारी सुभद्रामावशी, वरच्या जातीची भाजीवाली. बाकीचे भाजीवाले घडीघडी टोपल्यांवर पाणी शिंपडत. आम्हाला ते बंद होतं. आमच्या हातची कोरडी भाजी लोक घेत, ओली घेत नसत. पाण्यानं विटाळ होतो म्हणे. त्यामुळे दुपारच्या आतच आमची मेथी मान टाकायची आणि उरलेली बकऱ्यांपुढे जायची. घरात दुसरी मिळकत नव्हती.

एका बाजारी ऊन फारच चढलं. मी पदराआडून ओंजळभर पाणी टोपलीवर मारलं. सुभद्रामावशीनं पाहिलं.

"काहून वं, काय शिंपडून राह्यली?"

मी तांब्या मागं सरकवला.

"शिंतोडे माह्या भाजीवर आले ना. आता कोन घेईन माही भाजी?" आणि पायानं तिनं माझी टोपली पालथी केली.

लोक पाहत होते. आत्याबाई हळूच म्हणाली, "उचल पोरी." धुळीतून जुड्या वेचताना मी मनात एवढंच म्हटलं, तुझ्या पाण्याला गुण राहू नये.

पुढच्या बाजारी सुभद्रामावशीची भाजी दहा वाजताच लोळली. ती शिंपडत होती, गोणपाट ओलं करून झाकत होती, पण पानं मऊच पडत गेली. माझी कोरडी मेथी शेजारी ताठ उभी, जशी आताच उपटली. गिऱ्हाईक तिला विचारायचं, "मावशी, भाजी हाय का चारा?" आणि माझ्याकडे वळायचं. मला आनंद झाला. कशाला लपवू?

त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. तेव्हा तिनं माझ्याकडूनच दोन जुड्या विकत घेतल्या, आपल्या टोपलीत ठेवल्या आणि पाणी मारलं. माझ्या डोळ्यांदेखत त्या जुड्यांनी मान टाकली. उरलेल्या माझ्याजवळ ताज्या होत्या.

चौथ्या बाजारी ती टोपली घेऊन माझ्यापुढे आली. डोळे सुजलेले.

"तू कायी केलं असंल तं सोड व माय. तूच शिंपड यावर."

आत्याबाईनं विचारलं, "अन् तिचे शिंतोडे चालतीन का तुले?"

"चालतीन. भाजी उभी राहू दे फक्त."

माणसं जमली होती. मी तांब्या उचलला. दोन ओंजळी पुरल्या असत्या, पण मी सबंध तांब्या सावकाश रिकामा केला, सगळ्यांना नीट दिसेल असा. पाहता पाहता पानं उभी राहिली. हिरवीगार. एका बाईनं जुडीला हात घातला, तर तिच्या जावेनं तो मागं ओढला.

"अवं, तिचं पानी पडलं त्यावर."

मग एकानंही हात लावला नाही. पाणी ओतताना मला हे ठाऊक होतं.

पुढे अकोल्याला शेतीचं शिकलेल्या भाच्याला मी विचारलं. तो माती, ऊन, विहिरीचं पाणी असं बरंच बोलला. पण एकाच वाफ्यातली जुडी दोन टोपल्यांत दोन तऱ्हेनं का वागली, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

सुभद्रामावशी ती ताजी, भरलेली टोपली डोक्यावर घेऊन घरी गेली. वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत होते. आजही ते आठवलं की मला बरं वाटतं.