शिट्टी वाजली तेव्हा

चुलीवर भात रटरटत होता आणि आसपास चिटपाखरूही नव्हतं. आत्ता आत्तापर्यंत याच गल्लीत बायका बोलत बसल्या होत्या, पोरं टायर पळवत होती.

गावाबाहेरची ही निर्वासितांची वस्ती. आमच्या कॉलेजच्या सेवा शिबिरातली मुलं तिथल्या लेकरांचे खेळ घ्यायला आली होती. मी त्यांच्या सोबतीला आलेली शिक्षिका. शिबिराची प्रमुख केतकी, शेवटच्या वर्षाला असलेली. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या खाकी टोप्या. पोरांना गोळा करायला केतकीने, मैदानावर वाजवतात तशी, जोरात शिट्टी वाजवली आणि वस्ती रिकामी झाली.

कुणी ओरडलंसुद्धा नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. लेकरंही आवाज न करता पळाली. असं पळणं एका दिवसात अंगवळणी पडत नाही. माझ्या घराबाहेर शिट्टी वाजली तर मी काय झालं ते बघायला खिडकीत जाईन. हे खिडकीत जाणं आपल्याला कुठवर पुरणार आहे, असं मनात आलं.

"मॅडम, आपण काय केलं?" केतकीने हळूच विचारलं. शिट्टी तिने मुठीत घट्ट धरली होती.

करपू नये म्हणून तिने भात उतरवला. तेव्हा दाराआड बसलेली म्हातारी दिसली. तिला पळता आलं नसावं. पायात चपला, मांडीवर बांधून तयार असलेलं गाठोडं. केतकीच्या टोपीकडे बघत ती उठली आणि मोडक्या हिंदीत, अगदी समजूतदारपणे म्हणाली, "चला. आता कुठं जायचं?"