एक बाप, दोन आया

२००३ साल. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा, सौदीत दम्मामला पाइप वेल्डिंगचा फोरमन. डॉक्टर अनंतराव माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ते गेल्या महिन्यात पुण्यात वारले. माझ्या लेकीने, सुलूने, रडत रडत फोन केला. त्या माणसाकडे ती तीन सुट्ट्या गायली, ती रडणारच. मला काही रडू आलं नाही. गेलेल्याबद्दल चांगलं लिहावं म्हणतात... मी चौथी शिकलेला माणूस, मला खोटं लिहायला जमत नाही.

सुलू पुण्याच्या कॉलेजात होती. तिथं तिचा मुलामुलींचा गाण्याचा ग्रुप होता. सगळ्यांचे आईबाप दम्मामला, त्यामुळे सुट्टीत ग्रुपही दम्मामला. डॉक्टर आपल्या बंगल्यात त्यांची तालीम घ्यायचे. पेटी नाही, तबला नाही, नुसती तोंडं. एक पोरगा ओठांनी ढुम्म-टक करायचा आणि त्याला म्हणे ताल म्हणायचं. मी गावच्या भजनात पखवाज वाजवलेला माणूस. एकदा बोललो, "साहेब, वाद्याशिवाय गाणं म्हणजे मिठाशिवाय कालवण." तर पोरांसमोर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही वेल्डिंग बघा." पोरं खो खो हसली. दुसऱ्यांदा सांगितलं ते वेगळंच होतं. नात्याबाहेरच्या पोरापोरींनी एका खोलीत बसणं त्या देशात चालत नाही, कोणी तक्रार केली तर सगळे खलास. त्यावर म्हणाले, "घाबरता काय हो एवढे?" घाबरणार नाही तर काय! त्यांना हाकललं तर पुण्यात दवाखाना तयार. माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द झाला तर सुलूचं कॉलेज बंद.

आणि व्हायचं तेच झालं. एका गुरुवारी दुपारी मी बाहेर गाडीत बसून सुलूची वाट बघत होतो, तर दोन पोलीस दारात. मी धावलो. आत पोरं भिंतीला चिकटून उभी. पोलीस एकेकाला विचारतोय, हा माणूस तुझा कोण? आणि आपली पोरं ती, लहानपणापासून दिसेल त्याला काका म्हणणारी... सगळ्यांनी एकच सांगितलं, "अंकल!" पोलीस डॉक्टरांना म्हणाला, "एवढे सगळे पुतणे?" डॉक्टरांचं तोंड राखेसारखं झालेलं. मग तो माझ्याकडे वळला. मी सुलूकडे बोट केलं, म्हटलं, "बिन्ती." माझी मुलगी. त्याने डॉक्टरांकडे बोट केलं, "आणि हा?"

ओळखत नाही म्हटलं असतं तर तो माणूस संपला होता. पण सुलूही परक्याच्या घरात सापडली असती. मी म्हटलं, "अखूय." भाऊ.

पोलिसाने एकदा त्यांचा गोरा रंग बघितला, एकदा माझा. "आई वेगळी?"

"हो. बाप एक, आया दोन."

एकाच्या दोन बायका, त्यांच्याकडे यात नवल काही नाही; एवढे पुतणेही मग खपले. आवाज कमी ठेवा म्हणाला आणि गेले दोघं. माझा बाप स्वर्गात कपाळ बडवत असेल... आणि डॉक्टर? आभाराचा शब्द नाही. घाम पुसत म्हणाले, "मिस्त्री, दुसरं काही सुचलं नाही का? उद्या सकाळी सुलूला वेळेवर पाठवा. मुख्य आवाज तिचा आहे."

गाडीत मी सांगून टाकलं, गाणं बंद. सुलू म्हणाली, "बाबा, त्यांना भाऊ का म्हणालात?"

"तुझ्यासाठी."

"मग गाणंही माझ्यासाठीच आहे ना?"

त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलूला गाडीत बसवून मी डॉक्टरांच्या दाराची बेल दाबली. लेंग्यावरच आले. "काय मिस्त्री, एवढ्या सकाळी?"

"मिस्त्री नाही, दादा म्हण," मी म्हटलं. "थोरला आहे मी तुझा. पाया पडलास तर पोर गाईल, नाहीतर इथूनच परत नेतो."

मी चप्पल काढली आणि उजवा पाय पुढे केला.