नापासरावांचे दगड

बाबा रे,

तुझ्या टाकीचं पुढे काय झालं, असं मला आतापर्यंत चौदा जणांनी विचारलं. जिन्यात विचारलं, बँकेच्या रांगेत विचारलं, दातांच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. तू हे वाचशील आणि कडेला लाल खुणा करशील, तेही ठाऊक आहे. खुशाल कर. मात्र एक सोय मी करून घेते आहे. तुला ‘तू’ म्हणून लिहायला बसले की ओळीओळीला तू मधे बोलतोस असं वाटतं आणि काम पुढे सरकत नाही. तेव्हा इथून पुढे तू ‘तो’ आणि मी ‘ताई’. भांडायचंच असेल तर त्या दोघांशी भांड.

तर तो. नळ बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होता. ओतकामाच्या शेडमधून पितळी नळांच्या टोपल्या त्याच्या टेबलावर यायच्या. तो एकेक नळ उचलायचा, उजेडाकडे धरायचा, लाकडी काडीने त्याच्यावर टिचकी मारायचा आणि कानाशी न्यायचा. ओतताना आत हवा अडकली की धातूत बारीक छिद्रं राहतात. असा नळ बद्द वाजतो आणि आज ना उद्या कुणाच्या तरी मोरीत गळतो. बद्द वाजला की लाल ठिपका, की परत टोपलीत. कामगारांनी त्याचं नाव नापासराव ठेवलं. हे त्याला कळलं तेव्हा आपल्याला बढती मिळाल्यासारखा तो आठवडाभर ताठ चालत होता.

माणूस कारखान्यातून घरी येतो, खोड कारखान्यात राहत नाही. कलिंगड कानाशी धरणारे पुष्कळ असतात, हा टोमॅटोही धरायचा. लग्न ठरायच्या वेळी याचा निकाल सहा महिने लागेना, तेव्हा शेवटी मुलीनेच निरोप धाडला, “माझ्याकडून पास आहे, तारीख कळवा.” ती आली म्हणून संसार झाला. नाहीतर हा अजून वर बघून विचारच करत बसला असता.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांत त्याने घरातल्या सगळ्या वस्तू नापास केल्या. रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, “काहीतरी शांत छंद लावून घ्या.” डॉक्टरांच्याच बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आत दगड, दगडांवर रंगीत प्रवाळ, आणि त्यातून ये-जा करणारे केशरी पट्ट्यांचे दोन मासे. हा तिथे बसून राहिला. याचा नंबर दोनदा पुकारला, तरी उठला नाही.

टाकी ठेवायची तर जमीन सपाट हवी. एवढ्या पाण्याचं वजन तिरकं पडलं तर काच तडकते. त्याने पाणसळ काढली आणि बैठकीच्या खोलीतली फरशी न् फरशी तपासली. सगळी नापास. एकच कोपरा पास झाला, खिडकीलगतचा. त्या कोपऱ्यात त्याच्या बायकोचं शिलाई मशीन होतं.

बावीस वर्षं होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्यांचे कपडे उसवून सैल करणं, बारीक झाल्याचं सांगणाऱ्यांचे नुसते दाखवायला आवळणं, अशी कामं ती तिथे बसून करायची. त्या खिडकीला थेट ऊन नाही, पण दिवसभर पांढरा, सारखा उजेड. आता डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. त्या उजेडावर तिची शिवण चालायची आणि शिवणीवर ती स्वतः चालायची.

“मशीन जरा आत घेतेस का?” तो म्हणाला.

“किती दिवस?”

“आता कायमच.”

“मासे कायम, की तुमचा विचार कायम?” ती म्हणाली. “हे बघा. तीन महिने देते. तीन महिन्यांत इथे मासे पोहताना दिसले तर कोपरा तुमचा, मी बोलायची नाही. नाही दिसले तर मशीन परत खिडकीशी. आणि त्यावर फेरतपासणी नाही.”

त्याने मान डोलावली. मशीन न्हाणीघराबाहेरच्या बोळात गेलं. तिथला दिवा पाठीमागून येतो, त्यामुळे तिच्याच हाताची सावली नेमकी सुईवर पडायची.

टाकी आली, तिचं लोखंडी टेबल आलं, मीठ आलं. हा मासे आणायला दुकानात गेला. दुकानदार तिशीतला, हात कायम कोपरापर्यंत ओले.

“काका, मासे सगळ्यात शेवटी. आधी दगड.”

“शोभेचे दगड मला नकोत.”

“शोभेचे नाहीत. टाकीचं पोट म्हणजे दगड. मासे घाण करणार, ती घाण पाण्यात विष होणार, आणि ते विष खाणारे बारीक जीव दगडाच्या छिद्रांत राहणार. दगड चुकला तर टाकी चुकली.” मग त्याने दोन प्रकार दाखवले. एक कोरडा, पांढरा, स्वच्छ. त्यात जीव वसायला महिने लागतात. दुसरा जिवंत दगड, खाऱ्या पाण्यातच ठेवलेला, जांभळट खपल्यांचा, ज्यात ते जीव आधीच नांदत असतात.

नापासरावांना निवृत्तीनंतर पुन्हा टेबल मिळालं. सकाळी दुकान उघडलं की डबा घेऊन हे हजर. बरोबर भिंग, वजनकाटा आणि ती लाकडी काडी. कोरड्या दगडांच्या खोक्यापुढे स्टूल टाकून बसायचं, एकेक दगड उचलायचा, टिचकी मारायची, कानाशी न्यायचा. गिऱ्हाइकं थांबून बघायची. एका बाईने दुकानदाराला हळूच विचारलं, “ऐकू काय येतं त्यात?” दुकानदार म्हणाला, “मलाही सांगत नाहीत.”

असे साडेपाच आठवडे गेले. शेवटी त्याने अकरा दगड वेगळे काढून ओळीत मांडले. दुकानदाराने ओल्या हातांनी एकेक उचलून पाहिला आणि स्टुलावर बसला.

“काका, या खोक्यात दोनशे दगड असतील. त्यातले सगळ्यात वाईट अकरा तुम्ही काढलेत. एकही चुकला नाही. मला जमलं नसतं.”

“वाईट? एकालाही छिद्र नाही!”

“म्हणूनच वाईट. जीव राहणार कुठे? हातात घेतला की हलका लागला पाहिजे, जाळी जाळी पाहिजे.”

त्या दिवशी त्याने ताईला फोन केला. आवाज असा, की कुणी गेलं की काय असं तिला वाटलं.

“ताई, तो म्हणतो छिद्रं हवीत.”

“मग छिद्रांचे घे.”

“अगं, चौतीस वर्षं मी छिद्रं...”

“दगडाला तोटी बसवायची आहे का तुला? ठेव फोन, माझं दूध उतू जातंय.”

दूध उतू जात नव्हतं. पण त्याच्याशी बोलताना काहीतरी उतू जावं लागतं, नाहीतर फोन संपत नाही.

इकडे बोळात बायको गडद निळ्या कापडावर काळा दोरा घालत होती. एका शिक्षिकेची पँट आखूड करायची होती. ती शिवून झाली, गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड. बावीस वर्षांत तिच्या हातचं काम पहिल्यांदा परत आलं. ती पँट घेऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली. नुसती पँट पुढे धरली. माणसाने अशा वेळी निदान मान खाली घालावी. याने पँट घेतली, उजेडाकडे नेली, दोन्ही पाय जुळवून पाहिले आणि म्हणाला, “उजवा गेलाय. हे चालणार नाही.”

तिने पँट घडी करून परत बोळात नेली. ताई तिथे असती तर ती पँट त्याच्या डोक्याला गुंडाळली असती.

मुदतीला सहा आठवडे उरले. कोरड्या दगडावर आता भागणार नव्हतं. दुकानदारानेच मार्ग काढला. त्याच्या स्वतःच्या जुन्या टाकीतले सात जिवंत दगड त्याने जास्त भाव घेऊन दिले, हलके, जाळीदार, जांभळे. निवड दुकानदाराने केली, याला हात लावू दिला नाही. खाऱ्या पाण्याच्या बादल्यांत घालून बजावलं, “घरी नेऊन सरळ टाकीत. वारा लागू देऊ नका. गोडं पाणी तर थेंबभरही नको. महिन्याभरात मासे सोडू. मी स्वतः येतो.”

घरी येईपर्यंत सगळं सांगितल्यासारखं झालं. मग बादल्या टाकीपाशी जाण्याऐवजी स्वयंपाकघरात गेल्या.

“अहो, सरळ टाकीत घाला म्हणाले होते ना?” बायको म्हणाली.

“न तपासता?” तो म्हणाला. “माल न तपासता आत घेऊ?”

त्याने भिंग काढलं. पहिल्या दगडात केसाळ अळी. दुसऱ्यात शेंगदाण्याएवढी गोगलगाय. तिसऱ्यावर पिवळा, लिबलिबीत थर. सगळ्यांवर जांभळी खपली, आणि वास मासळीचा. म्हणजे लाल ठिपक्याला जागा पुरेना असा माल. दुकानदाराने आपल्याला घाण माथी मारली, याची त्याला खात्री पटली. जास्त भाव दिला होता तो नेमका या घाणीचा, हे त्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती. तिथे छिद्र नाही.

त्याने बाथरूममधला ब्रश आणला, गरम पाण्याचा नळ सोडला (नळ त्याच्याच कारखान्याचा, गळत नाही) आणि सातही दगड घासले. अळ्या चिमट्याने काढल्या. जाळीत दातकोरणं घालून सगळी भोकं साफ केली. दुपारचे चार तास. दगड पांढरेशुभ्र निघाले. ते त्याने टाकीत रचले, मागे सरकून पाहिलं, आणि आयुष्यात क्वचित उच्चारलेला शब्द मोठ्याने उच्चारला.

“पास.”

बायको सांगते, त्या वेळी ह्यांचा चेहरा लग्नातही नव्हता इतका प्रसन्न होता.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. भोकांत खोल जे काही उरलंसुरलं मेलं होतं, ते कुजायला लागलं. पाचव्या दिवशी वासाने पडदे धुवायला काढावे लागले. खालच्या मजल्यावरचा घड्याळजी रुमाल नाकाला लावून वर आला. “काका, काही मेलंय का?”

“टाकी मुरते आहे,” हा म्हणाला.

पाण्यातलं विष मोजायची पेटी त्याने आणलेली होती, नाही असं नाही. पाण्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग पट्टीशी ताडून पाहायचा. पण त्या पट्टीवरचा हिरवा आणि त्याच्या शेजारचा हिरवा यांत पुरेसा फरक नाही, म्हणून त्याने पट्टीच नापास करून ठेवली. म्हणजे विष किती ते कळायला मार्ग नाही, आणि कळत नाही तोवर विष आहे असं म्हणता येत नाही. पाणी पुन्हा बदललं, वास पुन्हा आला. मासे सोडायला येऊ का, असं दुकानदाराने फोनवर विचारलं, त्यालाही ‘अजून मुरते आहे’ म्हणून थोपवलं. असं करता करता मुदतीचा दिवस उजाडला.

त्या दिवशी ताई तिथे होती. टाकीत सात पांढरे दगड आणि पेजेसारखं पाणी. बायको बोळातून आली, टेप गळ्यात, आणि म्हणाली, “आज तीन महिने झाले.”

“निकाल आलेला नाही,” तो म्हणाला.

“कसला निकाल?”

“पाण्याचा. दुकानात तपासून देतात. विष निघालं तर मी स्वतः मशीन उचलून आणतो. पण निकालाआधी निर्णय नाही. हा साधा नियम आहे.”

बायकोने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, “हातच्या कांकणाला आरसा कशाला? नाक आहे ना तुला?”

“नाक म्हणजे चाचणी नाही, ताई.”

“चार दिवस,” बायको म्हणाली. “त्यावर एक तासही नाही.”

त्याने जॅमची रिकामी बाटली धुऊन टाकीतलं पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि वर कागद चिकटवला, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान. ती ताईच्या हातात दिली. “तू वाचनालयात जातेस ना, दुकान वाटेवरच आहे.”

“तू का जात नाहीस?”

तो बराच वेळ झाकण पुसत राहिला. “मी गेलो तर तो विचारेल, दगड धुतले का.”

“मग सांग, धुतले.”

“त्याने पाण्यावरून ओळखावं,” तो म्हणाला. ताईने त्याला लहानपणापासून पाहिलं आहे. चोरी कबूल करायची याची हीच रीत. दुसऱ्याने पकडावं, आणि तेही तपासून पकडावं.

पाचव्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. “ताई, आला का निकाल?”

“अगं, नेलीच नाही मी बाटली. राहूनच गेलं.”

मग ती म्हणाली, “बरं झालं. निकालाची वाट बघत बसले तर इथेच म्हातारी होईन. तशीही झालेच आहे, पण उजेडात होते आता.”

तिने घड्याळजीला बोलावलं. तो बोलावण्याची वाटच पाहत होता. येताना भाच्यालाही घेऊन आला. रबरी नळीने पाणी मोरीत सोडलं, टाकी उचलून बोळात नेली, मशीन खिडकीशी आणलं. नापासराव मधे उभा होता. आडवा आला नाही. फक्त मशीन टेकवताना म्हणाला, “डावा पाय जरा वर आहे,” आणि खाली कागदाची घडी सरकवली. बायकोने दोरा ओवला. पहिल्या झटक्यात ओवला गेला. तिने पायाने मशीन सुरू केलं.

टाकी आता न्हाणीघराबाहेर उभी आहे. सगळ्यांना तिरकं होऊन आंघोळीला जावं लागतं, आणि आत सात दगड कोरडे ठणठणीत पडलेत. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, कारण पाण्याचा निकाल अजून यायचा आहे. दर बुधवारी ताईला फोन करतो. “दिलीस का बाटली?”

ताई म्हणते, “काल गेले होते रे त्या बाजूला.” हे खोटं नाही. ती वाचनालयात मंगळवारीच जाते, आणि दुकान मंगळवारी बंद असतं.