धुतलेले पाय धुण्याचा कार्यक्रम

कोसाडच्या वसाहतीत कुणाच्या जखमेला वास यायला लागला की घरचे आधी नाक मुरडतात आणि मग नूतनताईला बोलावतात. नवापूरकडची ही ख्रिस्ती विधवा पूर्वी दवाखान्यात आया होती. आता ती रिकामी आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या जखमा धुते. हात मऊ, तोंड तिखट. शिव्या देणाऱ्या रोग्याला ती ऐकवते, "जखम पायाला झालीय ना? मग जीभ कशाला सडवतोस?"

पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये उभा जन्म काढलेला बळीराम मात्र तिच्याही हाती लागेना. शुगरमुळे त्याचा अंगठा काळा पडत चालला होता. आणखी उशीर झाला तर पाय जाणार, हे ताईला दिसत होतं. पण तो चिंधी गुंडाळून बसलेला. "दवाखान्यात नाई जात. तिथं कापतेत." फार मागे लागल्यावर त्याने अट घातली, "तुमच्या फादरनं हात लावला, त मंग जाईन म्या."

येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा गरिबांचे पाय धुतात. चर्चच्या समितीतल्या भूपेंद्रभाईंना सेवेची भारी हौस, फक्त ती स्वच्छ हवी. त्यांनी निरोप धाडला, "सगळ्यांना पाय धुऊन आणा." येशूला हे सुचलं नव्हतं. बिचाऱ्याजवळ समिती कुठे होती!

ताईने बळीरामला बाराव्या खुर्चीवर बसवलं. चिंधी पाहून भूपेंद्रभाई धावत आले. "नूतनबेन, आ शूं? हे काय? टुवाल सफेद छे, लाइव्ह चालू आहे!" त्यांनी बळीरामला उठवलं आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून सेवाभावाने स्वतःच बसले. पार्लरमध्ये घासून आणलेले त्यांचे पाय फादरनी गुडघे टेकून धुतले.

बळीराम मान खाली घालून लंगडत निघाला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला चर्चच्या पायरीवर, ऐन दारात बसवलं, नळाची बादली आणली आणि चिंधी सोडली. बाहेर पडणारे भाविक नाकाला रुमाल लावून बाजूने गेले. ताई धूत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी बळीरामने पाहिलं.

"लागाचा होता थो हात लागला, ताई," तो म्हणाला. "चाला दवाखान्यात."

अंगठा गेला, पाय राहिला. चर्चच्या फळ्यावर भूपेंद्रभाईंच्या पायांचा फोटो अजून आहे. खाली लिहिलंय, 'दीनांची सेवा'.