पत्ती फुटली होती

सुका गेल्याचा निरोप मला एरंडोलला भर वरातीत मिळाला. डोक्यावर फेटा, तोंडात क्लॅरोनेट. वरात अर्ध्यावर सोडता येत नाही, म्हणून मारुतीपर्यंत वाजवत गेलो... दुसऱ्या दिवशी धुळ्याला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दीड महिना झाला, पण थकवा म्हणून जात नाही.

सुका पारोळ्याचा, बायकांचे ब्लाऊज शिवायचा. निमंत्रण असो नसो, आमच्या बँडमागे गावोगाव यायचा. आमच्याकडे नवरदेव नारळ फोडायला मारुतीच्या देवळात शिरला की बाहेर वऱ्हाड मोकळं होतं. तेवढ्या वेळात मी एक जुनं ठेक्याचं गाणं वाजवायचो. सुका दातात लाल रुमाल धरून कंबर हलवायला लागला की गर्दीतून चार-पाच जण सरकत त्याच्याजवळ यायचे. वरणगावचा एक कामगार, एक मास्तर, असेच. एकमेकांच्या रुमालाचं टोक धरून नाचायचे. "काय नाचतो बुवा! बाई झक मारेल याच्यापुढे," म्हणत लोक हसायचे नि विसरायचे. वरातीत गडी गड्याबरोबर नाचला तर कोण विचारतो? तेवढी पाच मिनिटं ते खरे असायचे, बाकी वर्षभर सोंग.

"मी कसा शे, तुले माहीत शे ना?" त्यानं एकदा विचारलं.

"शे," मी म्हणालो.

"मंग झालं. तू फुक, मी नाचस."

मीही तसाच आहे, आणि मला तो फार आवडतो, हे मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आता लिहून काय उपयोग!

क्लॅरोनेटच्या तोंडाशी वेताची पत्ती असते, ती केव्हाही फुटते. जास्तीच्या पत्त्या ठेवायला त्यानंच मला उरलेल्या मखमलीची थैली शिवून दिली होती. आत बरोबर चार घरं.

मग घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं, धुळ्याला. वरातीत बँड आमचाच. नारळ फोडून बाहेर आला नि घोड्यावर न चढता माझ्याजवळ आला. "मनं गानं वाजाड. आज शेवटलं नाची लेसू." मागे ते चार-पाच जण रुमाल काढून उभे. त्याचा मामा आमच्याकडेच बघत होता. मी घाबरलो. त्याच्यासाठी नाही हो, माझ्यासाठी!

"पत्ती फुटली," म्हणालो.

त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं. थैलीचं टोक बाहेर दिसत होतं. मग घोड्यावर चढला. लग्नानंतर धुळ्यालाच राहायला गेला, बँडमागे कधी आला नाही.

आजही कुठल्याही गावी कुणीतरी अनोळखी हळूच कानाशी येतो, "भाऊ, सुकाभाऊनं गानं वाजाडा ना." सुका कोण, हे त्यांना माहीत नसतं. मी वाजवतो.

त्या दिवशी धुळ्याला वहिनींनी चहा दिला. मी कोण ते कळल्यावर म्हणाल्या, "तुम्हीच का ते? हे नेहमी सांगायचे, पत्ती फुटली म्हणून लग्नात नाचायचं राहिलं, नाहीतर भाऊंनी वाजवलंच असतं."

चहा तसाच राहिला. खिशात थैली होती, आणि आत चारही पत्त्या.