गुण्याखालचा उजेड

नाशिकहून सिन्नरला जाणाऱ्या जीपमध्ये कारखान्यातले एक जुने कामगार रोज माझ्या शेजारी बसायचे. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि खिशातून डोकावणारा पोलादी गुण्या. तो लावून ते माझ्या डब्याचा, पुस्तकाचा, अगदी जीपच्या खिडकीचाही कोपरा काटकोनात आहे का ते बघायचे आणि नापसंतीनं मान हलवायचे. मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे ही खोड मला ओळखीची होती.

कंपनीनं त्यांना मशीनवरून काढून नव्या पोरापोरींना शिकवायला बसवलं होतं. पहिले दोन महिने कानशीनं लोखंडाचा एकच ठोकळा घासून चौकोनी करायचा.

"नुसतं घासायचा पगार देती आमची कंपनी!" ते ऐटीत सांगायचे.

एका सकाळी त्यांनी पिशवीतून दोन ठोकळे काढले. पहिला त्यांचा स्वतःचा, शिकाऊ असतानाचा. त्याला गुण्या लावून त्यांनी उजेडाकडे धरला, तर मधल्या फटीतून बारीक रेघ चमकली. दुसऱ्याला लावला, तिथं काहीच दिसेना, इतका तो काटकोनात होता.

"हा देवळ्याहून शिकायला आलेल्या पोरीचा. काल तिनं समद्यांसमोर माझा ठोकळा तपासला. म्हणली, सर, तुमच्यात उजेड दिसतोय."

"राग आला?"

"राग? लय भारी वाटलं, मॅडम! बावीस वर्षं मी जगाचे कोपरे तपासले, माझ्या ठोकळ्याला कधी गुण्या लावलाच नाय."

सिन्नर आलं. उतरता उतरता ते म्हणाले, "आज जेवणाच्या सुट्टीत घासतो. तपासायला तिलाच देणार."