पोथीच्या सुरातली लढाई

रजनीकाकूंचं त्या कादंबरीशी उभं वैर. लढाईवरची कादंबरी, आणि चंद्रकांतकाका ती वाचून एकटेच खदाखदा हसायचे, वर डोळे पुसायचे! कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या जहाज कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला लढाईत हसण्यासारखं काय सापडतं, देव जाणे.

आता ते हसणंच गेलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यात काकांची वाचा अडली. शब्द परत येतील, डॉक्टर म्हणाले, पण प्रयत्न त्यांनीच करायला हवा. काका कसले करतात! भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकू आतून पार खचल्या होत्या.

रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या न्यू टाउनहून मुलगा आला, सारंग. संदेश मिठाईचा डबा ठेवून त्यानं त्याच कादंबरीवरचा जुना सिनेमा लावला. कोसळलेल्या पुलावरून सैन्य नेण्याचा प्रसंग आला. सेनापती डोळे गरागरा फिरवत ओरडला, शिपाई धपाधप पाण्यात पडले. काका ढिम्म! मग त्याच कादंबरीवरची नवी मालिका लावली. तीत नुसता धूर, रक्त आणि रडकं संगीत. काकांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी पुस्तकच काढलं. जन्मात त्यांनी मोठ्यानं वाचली ती फक्त पोथी. हात धुऊन पाटावर बसल्या आणि तोच संथ, गंभीर सूर लागला.

"सेनापतींच्या आज्ञेनुसार पूल शाबूत आहे. सबब सैन्याने पुलावरूनच जावे. बुडणाऱ्यांनी रांग मोडू नये."

पलंगावर खुसखुस झाली. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. अगंबाई, हे हसतायत! त्या तशाच वाचत राहिल्या; दुसरा सूर येतो कुणाला?

"सर्वांत शेवटी स्वयंपाकी गेला. त्याला पोहता येत होते. त्याने रांग मोडली नाही."

काकूंचं बोट त्या ओळीवरच थांबलं. सिनेमात या स्वयंपाक्याची टिंगल होती, मालिकेत तो किंचाळत मेला होता. इथे ना कुणी डोळे फिरवले, ना काही वाजलं. त्याच साध्या सुरात हसवलं आणि त्याच सुरात काळीज कापलं! माणसाच्या हातून असं लिहून होतं? काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणून हे हसता हसता डोळे पुसायचे तर!

काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ओठ थरथरले.

"पु... पुन्हा."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "पुन्हा कसलं? पारायण पहिल्या अध्यायापासून करतात," त्या म्हणाल्या आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.